माझं पान दुसऱ्याच्या चौकटीत: अडवू का?

प्रश्न (सावईवेरे, फोंडा):
कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) आमच्या दोन खोल्यांचं बुकिंग मी स्वतःच्या वेबसाइटवर घेते. परवा एका पाहुण्याने दाखवलं, कुणीतरी माझी पानं आपल्या साइटवर आयफ्रेममध्ये (दुसऱ्या साइटचं पान आपल्या पानात दाखवणाऱ्या चौकटीत) बसवलीत, भोवती जाहिराती. फार लागलं मनाला. पण गावातल्या देवस्थानाच्या साइटवरही माझं कुळागराच्या फोटोंचं पान दिसतं, तेही माझ्याच संमतीने. सगळंच बंद करू?

उत्तर १:
ताई, बुकिंगचं पान आजच अडवा. असं पान अदृश्य करून दुसऱ्याच बटणावर पसरतात नि माणूस भलतंच दाबून बसतो. याला क्लिकजॅकिंग म्हणतात. सर्व्हरच्या हेडरमध्ये (पानाबरोबर ब्राउझरला जाणाऱ्या सूचनांत) ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स: डिनाय’ घाला, म्हणजे ते कुणाच्याच चौकटीत दिसणार नाही.

उत्तर २:
सगळ्या साइटला डिनाय लावलं तर देवस्थानही बाहेर. फोटोंच्या पानाला ‘कन्टेन्ट-सिक्युरिटी-पॉलिसी’ या दुसऱ्या हेडरमध्ये ‘फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स’ लिहून फक्त त्यांचा पत्ता द्या, म्हणजे त्यांच्याच चौकटीत ते दिसेल. एक्स-फ्रेम-ऑप्शन्समधलं एकाच पत्त्याला परवानगी देणारं जुनं ‘अलाऊ-फ्रॉम’ आजचे ब्राउझर मानत नाहीत. आणि यातलं काहीच पानाच्या कोडमधल्या मेटा टॅगमध्ये लिहून चालत नाही, हेडरच हवा. माझे त्यात दोन दिवस गेले.

प्रश्नकर्ती:
केलं. त्या साइटवर आता रिकामी चौकट दिसते, देवस्थानाकडे पोफळी दिसतात. देव बरें करूं!