मदत हवी: आईसाठी मराठी बोलणारे काउन्सेलर, ठाणे/नवी मुंबई

आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, रिपोर्ट चांगले आहेत पण रात्रभर जागी असते, मऊ खिचडीसुद्धा दोन घास खाऊन ताट सरकवते आणि कोणी बेल वाजवली की आत जाऊन पडते. झोपेची गोळी घेऊन झाली, फरक नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला, मराठीत छान बोलले पण दरवेळी नवीन माणूस, ते तिला नको. टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे, पॅरॉक्सेटिन-फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्यांनी त्याचा परिणाम कमी होतो, सो हे माहीत असलेलेच सायकिअ‍ॅट्रिस्ट हवेत. "पॉझिटिव्ह राहा"वाले नकोत, ते नातेवाईक फुकटात देतायत. आम्ही कळव्याला, स्टेशनचा जिना तिला जमत नाही, व्हिडिओ कॉल चालेल. कॅन्सर पेशंटसोबत काम करणारं ठाणे-ऐरोली-वाशीत कोणी आहे का? आणि ट्रीटमेंट बाहेर झाली असेल तर टाटा हॉस्पिटलच्या खारघरच्या कॅन्सर सेंटरला, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकला नुसत्या काउन्सेलिंगसाठी केसपेपर काढून देतात का?