मदत हवी आहे: सरड्याची अंडी सोमवारच्या आत हलवावीत का?

मंडळी, जरा तातडीने विचारतेय.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरामागे काळ्या मातीची छोटी पट्टी आहे, तिथे कढीपत्ता आणि लिंबू लावलंय. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि कढीपत्त्याच्या बुडाशी सरड्याची मादी खड्डा उकरताना दिसली. पोट टम्म फुगलेलं. पुढच्या पायांनी माती काढायची, थांबायची, मान वर करून बघायची, पुन्हा उकरायची. अंडी घालून झाल्यावर तिने माती ओढून घेतली आणि तोंडाने दाबून दाबून सपाट केली. खड्डा नेमका कुठे होता ते नंतर मलाही सांगता येईना. ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. सरड्याची मादी अंड्यांची राखण करत बसत नाही.

नर लिंबावर असतो. एरवी मातकट, पण उन्हाळ्यापासून डोकं आणि गळा लालभडक. दुसरा नर दिसला की पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वरखाली होतो. त्या लाल गळ्यामुळे "सरडा लांबूनच रक्त शोषतो" असं सासूबाई अजून म्हणतात. तो विषारी नाही, किडे, मुंग्या, अळ्या खाऊन राहतो, हे मी त्यांना रोज सांगते.

आता अडचण. सोमवारी फरशीवाले येणार आहेत. त्यासाठी काल खुरप्याने माती सैल करताना चार अंडी उघडी पडली. पांढरी, लांबट, वालाच्या दाण्याएवढी, कवच चामड्यासारखं मऊ. पालीची अंडी कडक असतात आणि एका वेळी दोनच, त्यामुळे ही सरड्याचीच. एका वेळी साधारण १० ते २० घालते, म्हणजे खाली अजून असणार. हात कापायला लागले माझे. तशीच अलगद माती लोटली.

पिल्लं बाहेर यायला सहा-सात आठवडे लागतात, म्हणजे गोकुळाष्टमी ते पोळा. फरशीवाले तेवढं थांबणार नाहीत. दोन फूट जागा मोकळी सोडा म्हटलं तर पाण्याचा उतार बिघडेल म्हणतात.

अंडं फिरलं, वरची बाजू खाली गेली, तर आतला जीव मरू शकतो, एवढं मला माहीत आहे. म्हणून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून टबात हलवायचा विचार आहे. पण टबात हीच काळी माती घालू का? ती वाळली की भेगाळते, ओली झाली की चिखल. वाळू किती मिसळायची? ओल किती ठेवायची? टब सावलीत ठेवू की सकाळचं ऊन लागू दे? आणि मांजरापासून वाचवायला वर जाळी बांधली तर पिल्लं निघाल्या निघाल्या सोडायची ना?

की उताराचं काय व्हायचं ते होऊ दे, पण अंडी जागची हलवूच नयेत? तसं असेल तर मी फरशीवाल्यांशी भांडायला तयार आहे. ज्यांनी प्रत्यक्ष अंडी हलवली आहेत त्यांनी कृपया रविवार रात्रीपर्यंत सांगा.