टर्नरचं 'टेमेरेअर': चित्र की थाप?

खडूस खलाशी: परवा 'पक्कड'ने लिहिलं की टर्नर या इंग्रज चित्रकाराचं 'फायटिंग टेमेरेअर', म्हणजे जुनी युद्धनौका भंगारात ओढत नेतानाचं चित्र, निव्वळ थाप आहे, जहाजाला डोलकाठ्या नव्हत्याच, ओढायला एक नाही दोन टग, म्हणजे ओढबोटी, होते आणि सूर्यही चुकीच्या दिशेला. दोन दिवस गप्प बसलो, आता नाही राहवत. अरे बाबा, सगळं मान्य. १८३८ च्या सप्टेंबरात थेम्सच्या मुखाजवळच्या शीरनेसहून लंडनच्या रॉदरहाइथला नेलं तेव्हा नौदलाने काठ्या, तोफा सगळं आधीच उतरवून घेतलं होतं, बीटसनच्या भंगारवाड्यात नुसता सांगाडा पोचला. पण ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत नेल्सनच्या 'व्हिक्टरी'च्या मागोमाग घुसलेलं ९८ तोफांचं जहाज त्याने बोडकं रंगवायचं होतं का? तेराव्याला आपण आयसीयूतला फोटो लावतो का?

पक्कड: तेराव्याचा फोटो कुणी इतिहास म्हणून खपवत नाही हो. रॉदरहाइथ शीरनेसच्या पश्चिमेला, जहाज पश्चिमेकडे चाललंय आणि सूर्य त्याच्या पाठीशी मावळतोय. म्हणजे पूर्वेला! आमच्या भूगोलाच्या बाईंनी पट्टी मारली असती.

लंडनची मावशी: भांडा तुम्ही. मी रॉदरहाइथला जाऊन आले, सेंट मेरी चर्चमध्ये याच जहाजाच्या लाकडाचं टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. नॅशनल गॅलरीत चित्रासमोर ही गर्दी आणि इथे मी एकटी. कुणी बघत नाही बघून खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. गार लागलं एवढंच, पण निघवेना.

माझगावकर: टेमेरेअरच्या ओकच्या लाकडाचं कौतुक पुरे झालं. 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बघा, १८१७ ला आपल्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडियांनी सागवानात बांधली, आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. तुमची टेमेरेअर १७९८ ची, चाळीस वर्षांत भंगारात! पण वाडियांचं नाव आपल्या पोरांना माहीत नाही, टर्नर सगळ्यांना पाठ.

पक्कड: लाकडाचा काय संबंध? नेपोलियन संपला, जहाजं जास्त झाली, मधल्या काळात तर टेमेरेअरवर कैदीही ठेवले. मुंबईचा झेंडा घेऊन प्रत्येक धाग्यात घुसायलाच हवं का?

माझगावकर: घुसणारच! आमच्याच मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर २०१४ ला 'विक्रांत' कापायला घेतली. ७१ साली चितगाव, कॉक्स बाजारवर विमानं सोडणारी बोट. ती म्युझियम होती तेव्हा बाबांनी मला नेलं होतं, डेकवर ऊन एवढं की चपलेतून चटका बसत होता आणि आमचे बाबा, घरात कधी बोलायचे नाहीत, ते एका अनोळखी पोराला ७१ चा ब्लॅकआउट सांगत उभे. कापायला घेतली तेव्हा म्हटलं चला बघून येऊ, तर म्हणाले मला नाही यायचं.

खडूस खलाशी: आणि तिच्या पोलादाची मोटरसायकल निघाली. चर्चमधल्या खुर्च्या परवडल्या.

भंगारवाला: मोटरसायकलला नावं ठेवू नका, मी चालवतो. आणि म्युझियम चालवायचे पैसे कोण देणार होतं? तुम्ही? इथे रडणाऱ्यांपैकी किती जण तिकीट काढून गेले होते ते सांगा आधी.

लंडनची मावशी: मी नव्हते गेले. कुलाब्यात वाढले तरी.

माझगावकर: मावशी, तुमच्यावर नव्हतं हो.

पक्कड: बरं, ऐका. विक्रांतला शेवटचं नेतानाचं चित्र कुणी काढलं तर किती टग होते ते मी मोजणार नाही. माझगावकर, हे तुमच्या बाबांसाठी, टर्नरसाठी नाही.

खडूस खलाशी: म्हणजे डोलकाठ्या माफ?

पक्कड: काठ्या माफ. सूर्य चुकलाय.