प्राण्यांना हात लावू देणाऱ्या अभयारण्यात जावं का?

रानजाई:
सहलींच्या जाहिरातीत 'अभयारण्य' असं लिहिलेलं दिसलं की शेजारी हमखास एक फोटो असतो. कुणीतरी वाघाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजतंय, नाहीतर हत्तीला अंघोळ घालतंय. माझं मत स्पष्ट आहे: जिथे पाहुण्यांना प्राण्याला हात लावू देतात, तिथे जाऊ नये.

उत्तर अमेरिकेतले व्हूपिंग क्रेन, म्हणजे एका जातीचे क्रौंच, 1941च्या सुमारास रानात जेमतेम वीस-बावीस उरले होते. पुढे त्यांची पिल्लं वाढवून सोडायचं काम सुरू झालं. त्यातले सांभाळणारे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालत, चेहरा झाकत आणि हातातल्या क्रौंचाच्या बाहुलीच्या चोचीने पिल्लांना खायला शिकवत. पिल्लांसमोर अवाक्षर काढायचं नाही. माणसाचा लळा लागला तर पिल्लू रानात टिकणार नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. ज्यांना प्राणी खरोखर परत सोडायचाय, ते स्वतःचा चेहरासुद्धा लपवतात. मग दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर फिरणारा बछडा कुठे सोडणार आहेत?

सागरगोटा:
क्रौंचांचं पटलं. पण सगळेच प्राणी परत सोडण्यासारखे नसतात. दात काढलेलं अस्वल, सर्कशीतून आलेला हत्ती, हे मरेपर्यंत माणसांतच राहणार. मोठा हत्ती दिवसाला शे-दीडशे किलो चारा खातो. तो पैसा कुठून आणायचा?

दुसरं म्हणजे, माझ्या मुलाच्या हातातलं केळं एका हत्तिणीने घेतलं. सोंडेच्या टोकाला बोटासारखा भाग असतो, त्याने तिने आधी त्याचा तळहात चाचपला, एक गरम, ओलसर फुंकर टाकली आणि मग अलगद केळं उचललं. तेव्हापासून हस्तिदंताची बातमी आली की तो पेपर खाली ठेवत नाही. पडद्यावर हत्ती बघून हे झालं नसतं. माया लागायला जवळ जावंच लागतं.

पाणकणीस:
सागरगोटा, मुलाला माया लागली हे छानच. पण हत्तीच्या बाजूनेही बघा. हत्ती पाण्यातून बाहेर आला की लगेच अंगावर माती उडवतो. ऊन आणि माश्यांपासून कातडी वाचवायची त्याची ती रीत. पर्यटकांच्या अंघोळीत पुढची तुकडी ताटकळत उभी असते, म्हणून त्याला पुन्हा पाण्यात उभं करतात. आणि एवढं धूड अनोळखी माणसांच्या गराड्यात निमूट उभं राहतं, ते लहानपणी अंकुश खाल्लेला असतो म्हणून. तरीही भरवसा नसतोच. जानेवारी 2025मध्ये थायलंडमध्ये हत्तीला अंघोळ घालताना एका तरुण स्पॅनिश पर्यटक मुलीचा जीव गेला.

बछड्यांचं तर विचारूच नका. थोडे मोठे झाले की ते हाताळण्याजोगे राहत नाहीत, म्हणून सतत नवे लागतात. थायलंडच्या कांचनबुरीतल्या व्याघ्रमंदिरावर 2016 साली कारवाई झाली, तेव्हा तिथल्या फ्रीजरमध्ये 40 मेलेले बछडे सापडले. तिथेही लोक वाघांना कुरवाळायलाच जात होते. अमेरिकेने अखेर 2022च्या डिसेंबरात कायदा करून वाघ-सिंहांना लोकांनी हाताळणं बंद केलं.

वाटसरू:
पण जवळून भेट म्हणजे वाईटच, असं सरसकट म्हणू नका. रवांडातल्या डोंगरी गोरिलांचं उदाहरण घ्या. एका कळपाकडे दिवसाला आठच माणसं, तीही एका तासासाठी. तोंडाला मास्क, कारण आपली सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. परवाना 1500 डॉलरचा आणि पर्यटनाच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा आजूबाजूच्या गावांना जातो. त्यामुळे गावकऱ्यांनाही गोरिला जगायला हवे असतात. एकूण संख्या हजाराच्या वर गेली आणि 2018मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत ते एक पायरी खाली, म्हणजे थोड्या कमी धोक्याच्या गटात आले. पर्यटक नसते तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

सागरगोटा:
1500 डॉलर! म्हणजे श्रीमंतांनी गोरिला बघायचे आणि आमच्यासारख्यांनी केळंही द्यायचं नाही?

रानजाई:
वाटसरू, गोरिलांच्या भेटीला माझा विरोध नाहीच. तिथे माणूस थांबतो आणि कुठे जायचं, कधी उठायचं ते गोरिला ठरवतात. मांडीवरच्या बछड्याला उठून जाता येत नाही, माझा आक्षेप तिथे आहे.

सागरगोटा, पैशांचा तुमचा मुद्दा खरा आहे. पण हात न लावताही माणसं येतात. नैरोबीत अनाथ हत्तींच्या पिल्लांचं संगोपन केंद्र आहे. सकाळी एक तास पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे राहतात आणि पिल्लं चिखलात लोळताना, बाटलीने दूध पिताना बघतात. दूध पाजतात ते रोजचे सांभाळणारे. रात्री पिल्लाच्या खोलीत पाळीपाळीने झोपतातही तेच, कारण त्या वयात त्यांना एकटं राहवत नाही. पिल्लांना त्यांचा लळा हवाच, परक्यांचा नको. मोठी झाली की त्यांना केनियातल्याच त्सावोच्या रानात नेऊन हळूहळू जंगली कळपांत मिसळू देतात.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ 1927पासून चालणारं कोआलांचं अभयारण्य आहे. कोआलाला कडेवर घेऊन फोटो हीच त्याची ओळख होती. 2024मध्ये त्यांनी ते बंद केलं, तेही पाहुण्यांच्याच अभिप्रायांचा मान ठेवून. त्यामुळे ज्यांना हात लावायचा नाही त्यांनी नुसतं घरी बसू नये. जाण्याआधी केंद्राला लिहून विचारावं: इथे पिल्लं जन्माला घालता का, मोठी झाल्यावर ती कुठे जातात, पाहुण्यांना हाताळू देता का. उत्तर गोलमाल आलं तर तेच पैसे नैरोबीसारख्या ठिकाणी खर्च करावेत.

सागरगोटा:
विचारायला माझी हरकत नाही, विचारेन. पण मुलाला केळं दिल्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.