वाटी तीच, वजन वेगळं

'एक कप म्हणजे सरसकट 250 ग्रॅम' असं सर्रास म्हटलं जातं, ते फार तर पाण्यापुरतं चालेल. 240 मिलीच्या कपात साखर साधारण 200 ग्रॅम बसते, मैदा जेमतेम 120-125. तोही चमच्याने हलका भरून वरून सपाट केला तर. डब्यात कप खुपसून काढलात की सहज 140च्या पुढे जातो. माझी नानखटाई दोनदा दगड झाली ती यामुळेच. पोह्यांचं विचारू नका, आम्ही इंदूरकर ते मुठीनेच मोजतो!

घरच्या वाटीचं माप हवं असेल तर रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. सासूबाईंची वाटी 150 निघाली.