दोन पुश बटणं, दोन लिमिट स्विच, एक स्टेपर: मोटर गुरगुरते पण ट्रे सरकत नाही

प्रश्न: बेदाणा_ट्रे (नाशिक)

बेदाण्याचे पाऊच सीलरखाली सरकवायला ट्रे करतोय. नेमा १७ स्टेपर मोटर (एका स्टेपला १.८ अंश फिरणारी, १.५ अँपिअर), ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ट्रे ८ मिमी सरकवणारा) टी८ स्क्रू, ३०० मिमी प्रवास, मोटरला करंट देणारा ए४९८८ ड्रायव्हर, अर्डुइनो उनो बोर्ड, १२ व्होल्ट एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ‘पुढे’ किंवा ‘मागे’ बटण दाबून धरलं तोवरच ट्रे चालावा, टोकांना ट्रे थांबवणारे लिमिट स्विच.

१) लूपमध्ये बटण वाचून, डिले(५०), म्हणजे ५० मिलिसेकंदांचा थांबा, देऊन एक स्टेप दिली तर ट्रे रखडत, धक्के खात जातो.
२) डिले काढून पल्स ५०० मायक्रोसेकंद हाय, ५०० लो ठेवला तर मोटर जागेवरच गुरगुरते.
३) सीलरचा काँटॅक्टर (मोठा रिले) सुटला की लिमिट लागल्यासारखा ट्रे मधेच थांबतो. लिमिटची वायर साधी, साडेतीन मीटर, बोर्डाच्या आतल्या पुलअपवर (पिन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर).

उत्तर: पाना_पक्कड

पहिल्या दोन अडचणी कोडच्या आहेत. डिले(५०) म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २० स्टेप. फुल स्टेपला २०० स्टेपचा एक फेरा, म्हणजे ट्रेचा वेग ०.८ मिमी प्रति सेकंद. रखडणारच. उलट ५००-५०० केलं की उभ्या मोटरला एकदम १००० स्टेप, म्हणजे ३०० आरपीएम मागताय. रोटर लोडसकट तेवढी उडी घेऊ शकत नाही, म्हणून गुरगुरतो. वेग चढत न्यायला हवा.

ॲक्सेलस्टेपर लायब्ररी घ्या. आता मायक्रोस्टेप (एका स्टेपचे बारीक भाग) किती ठेवायचे? सगळे १/१६ वर जातात आणि इथेच फसतात. तुमच्या स्क्रूवर १/१६ म्हणजे मिमीला ४०० स्टेप. २० मिमी वेगाला ८००० स्टेप प्रति सेकंद. उनोवर ही लायब्ररी साधारण ४००० च्या पुढे भरवशाची नाही. १/४ ठेवा (ड्रायव्हरची एमएस२ पिन हाय, बाकी दोन एमएस पिना लो): मिमीला १०० स्टेप, २० मिमीला २०००. त्वरण ८००० ठेवलं तर बटण सोडल्यावर ट्रे २.५ मिमी पुढे जाऊन थांबेल. त्वरण २००० केलंत तर तोच १० मिमी घसरेल, हे आधीच लक्षात घ्या.

बटण दाबलं की लांबचं लक्ष्य द्या, सोडलं की स्टॉप(), आणि रन() प्रत्येक लूपमध्ये न चुकता. बटणाचा डिबाउन्स (दाबताना होणारी थरथर गाळणं) २० मिलिसेकंद, मिलिस() ने मोजून. डिले कुठेच नको. ९६०० बॉडवर सीरियल प्रिंटही नको: एका अक्षराला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, बफर भरला की लूप अडतो आणि मोटर कचकते.

लिमिट लागला की फक्त त्याच दिशेची हालचाल अडवा. नाहीतर ट्रे टोकाला जाऊन अडकेल आणि ‘मागे’ बटणही दाद देणार नाही.

उत्तर: गोदाकाठ_वायरिंग

तिसरी अडचण कोडने सोडवायला जाऊ नका. आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा. स्विच उघडा असताना साडेतीन मीटर वायर त्याच्यावर नुसती लटकलेली असते, म्हणजे अँटेनाच. लिमिट एनसी (एरवी जोडलेल्या) संपर्कावर घ्या: एरवी लाइन थेट ग्राउंडला धरलेली, टोक लागलं किंवा वायर तुटली की हाय. दोन्ही वेळा ट्रे थांबतो, हा वरचा फायदा.

बोर्डाशी ५ व्होल्टला १ किलोओहम पुलअप, तिथून १० किलोओहम सिरीजमधून पिनला, पिन ते ग्राउंड १०० नॅनोफॅरड. वायर शील्डेड, शील्ड फक्त बोर्डाच्या बाजूला ग्राउंड. मोटरची वायर वेगळ्या मार्गाने न्या.

आणि मूळ दुखणं काँटॅक्टरचं. कॉइल २३० व्होल्ट एसी असेल तर कॉइलच्या ए१-ए२ टोकांवर आरसी स्नबर (व्होल्टेजची उसळी शोषणारी जोडी): १०० ओहम सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ कपॅसिटर. २४ व्होल्ट डीसी कॉइल असेल तर १एन४००७ उलटा. एसी कॉइलला डायोड लावू नका.

बेदाणा_ट्रे

स्नबर आणि एनसी केलं, मधेच थांबणं बंद. ट्रे २० मिमीने मस्त चालतोय. पण १०-१२ मिनिटांनी मोटर सैल पडते, थोड्या वेळाने आपोआप चालू होते. ड्रायव्हरचा व्हीरेफ (करंट मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) १.३ व्होल्ट आहे, सेन्स रेझिस्टरवर आर१०० लिहिलंय.

उत्तर: पाना_पक्कड

आर१०० म्हणजे ०.१ ओहम. करंट = व्हीरेफ ÷ (८ × ०.१), म्हणजे तुम्ही १.६ अँपिअर लावलाय. मोटरचा १.५ पाहून लावला असेल, पण हीटसिंकशिवाय ए४९८८ ला अँपिअरच्या आसपासच झेपतो. चिप तापून स्वतःला बंद करते, थंड झाली की परत चालू. व्हीरेफ ०.८ व्होल्ट करा, हीटसिंक चिकटवा. व्हीरेफचा पॉट (छोटा स्क्रू) फिरवायला प्लॅस्टिकचा पेचकस. धातूचा घसरला तर शॉर्ट.

उत्तर: गोदाकाठ_वायरिंग

करंट कमी केल्यावर वेगात ताकद कमी वाटली तर करंट पुन्हा चढवण्यापेक्षा व्होल्टेज वाढवा. २४ व्होल्टवर कॉइलमधला करंट लवकर चढतो, वेगात टॉर्क टिकतो. करंट मर्यादा तीच राहते. मात्र उनोला ते २४ व्होल्ट व्हिन पिनमधून देऊ नका, एलएम२५९६ (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) वर आधी ५ व्होल्ट सेट करा, मगच ५ व्होल्ट पिनला जोडा. ड्रायव्हरच्या मोटर सप्लाय पिनांशी १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट कपॅसिटर अगदी चिकटून हवा. पॉवर चालू असताना मोटरचा कनेक्टर काढलात तर ड्रायव्हर गेला समजा. इमर्जन्सी मशरूम बटणही म्हणूनच ड्रायव्हर-मोटरच्या मधे न टाकता २४ व्होल्टच्या लाइनीत टाका, आणि ते सोडल्यावर ‘पुढे’ देण्याआधी ट्रे पुन्हा मागच्या लिमिटला नेऊन शून्य घ्या.