हातात जीपीएस घड्याळ, तरी पोरं हरवतातच. मग उपयोग काय?

निवांतबाबा:
मागच्या रविवारी मॉलमध्ये आमची सात वर्षांची लेक दहा मिनिटं गायब. मनगटावर सिमवालं घड्याळ, म्हणून आधी घाबरलोच नाही, अ‍ॅप उघडलं तर ठिपका पार्किंगमध्ये, धावत खाली गेलो तर तिथे कोणी नाही. ती तिसऱ्या मजल्यावर सरकत्या जिन्याशी उभी राहून घड्याळाचं बटण दाबून मला फोन लावतेय आणि माझा फोन बिझी, कारण मी बायकोला "सापडत नाहीये" सांगत होतो. सफाई करणाऱ्या ताईंनी नंबर विचारला तर म्हणे "घड्याळात आहे". तिच्या वयात मला घरचा नंबर झोपेतून उठवलं तरी सांगता यायचा. माझ्या मते या वस्तूंनी पोरांना पांगळं केलंय.

खडूस_काकू:
नंबर पाठ करून घेतला नाही तुम्ही आणि खापर घड्याळावर? छपराखाली सॅटेलाइटचा सिग्नल नीट पोचत नाही, मग ते वायफाय नाहीतर टॉवरवरून अंदाज बांधतं, मजला तर कळतच नाही. आणि "आमच्या वेळी" नकोच, आमच्या वेळी लाउडस्पीकरवर नाव पुकारेपर्यंत आईचा जीव टांगणीला.

दोनचाकी:
आम्ही दप्तरात एअरटॅग टाकलाय, अ‍ॅपलची ती वस्तू शोधून देणारी चकती. बेस्ट.

खडूस_काकू:
तो जीपीएस नाही हो! ब्लूटूथवर चालतो, जवळपास कोणाचा तरी आयफोन असेल तरच ठावठिकाणा कळणार. कंपनीच सांगते वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही. पोरगं दप्तर विसरलं तर दप्तर सापडेल.

तिरपा_विचार:
हरवणं सोडा, एकटं असणंच संपलंय. जर्मनीने २०१७ मध्ये गुपचूप आवाज ऐकवणाऱ्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली, कारण पालक त्यातून वर्गातल्या शिक्षकांचं बोलणंसुद्धा ऐकायचे!! आमच्या नात्यातला एक दहा वर्षांचा मुलगा घरी "एकटा" असतो, पण हॉलमधल्या कॅमेऱ्यातून दर पाच मिनिटांनी "सोफ्यावरून पाय खाली घे". तो आता बाथरूमच्या दाराशी फरशीवर बसून वाचतो, तेवढाच कोपरा कॅमेऱ्यात येत नाही.

दमलेली_आई:
बोलायला सोपंय. मुलगा साडेपाचला घरी येतो, मी सातला. पूर्वी शेजारचं कोणीतरी डोकावून जायचं, आता त्यांच्याही दाराला कुलूप. कॅमेरा नसता तर नोकरी सोडावी लागली असती मला. पायांबद्दल मी काही बोलत नाही, गॅसजवळ गेला तरच ओरडते. तुम्ही येता का दीड तास बसायला?

तिरपा_विचार:
तुमची अडचण मान्य. पण मुलाला विचारलंत का कधी?

दमलेली_आई:
विचारलं. म्हणाला चालू ठेव, फक्त त्यातून बोलू नकोस.

निवांतबाबा:
काकू, तुमचं ऐकून काल माझा नंबर पाठ करून घेतला लेकीकडून. लगेच म्हणे आता आईचा सांग. मी खिशात हात घातला, फोन काढायला.